वाकड्या काचेची सरळ तपासणी

शीव स्थानकाच्या पूर्वेकडून कोळीवाड्यावरून अँटॉप हिलकडे निघालं की शेख मिस्त्री रस्त्यावर, पोस्टाजवळ, बौद्धिक संपदा भवन लागतं. देशाच्या पेटंट, डिझाइन आणि ट्रेडमार्क खात्याच्या महानियंत्रकांचं कार्यालय इथे आहे आणि मुंबईचं पेटंट कार्यालयही इथेच. त्याआधी हे पेटंट कार्यालय लोअर परळला, सन मिल कंपाउंडमधल्या तोडी इस्टेटमध्ये होतं. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोवा इथल्या लोकांचे व कंपन्यांचे अर्ज याच कार्यालयाच्या नावाने दाखल होतात.

वर्तमानपत्रांत या पत्त्याचं नाव गाजलं ते २०१२ साली. ९ मार्चला महानियंत्रक पी. एच. कुरियन यांनी बायर कंपनीच्या नेक्साव्हार या कर्करोगावरच्या औषधासाठी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना ते औषध बनवण्याची मुभा, दिला. भारतातला तो पहिलाच. औषध म्हटलं की जीवनमरणाचा प्रश्न, त्यामुळे त्याची बातमी होते. पण पेटंट खात्यात रोज येणाऱ्या अर्जांपैकी बहुतेकांची बातमी कधीच होत नाही. पंपाची झडप, यंत्रमागाचा सुटा भाग, रंगाचं मिश्रण आणि मोबाइलच्या पडद्यावरची वक्र काच हे त्यातलेच विषय. यातली काच मी मुद्दाम निवडली आहे. एक तर ती प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि दुसरं म्हणजे वरवर पाहता तिच्यात तपासण्यासारखं काही दिसतच नाही. काच वाकवली. बरं, मग? पेटंट परीक्षकाचा प्रश्नही नेमका हाच असतो, फक्त तो लेखी विचारतो आणि त्याच्या उत्तरावर २० वर्षांचा एकाधिकार ठरतो.

वक्र काच ही काही नवलाई नव्हे. मनगटी घड्याळावरची फुगीर काच आपल्या आजोबांनीही वापरली. मोटारीची पुढची काच भट्टीत मऊ करून साच्यावर वाकवतात, हे तंत्र कित्येक दशकं जुनं आहे. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलांनी गावोगाव उजेड दिला, त्यांच्या काचाही गोलाईच्याच होत्या. सर्वात मोठी वक्र काच घरात आली ती दूरचित्रवाणी संचाबरोबर. जुन्या संचाचा पडदा बाहेरच्या बाजूला फुगलेला असे, तो शोभेसाठी नव्हे. पडद्यामागच्या नळीत निर्वात पोकळी असते आणि बाहेरून हवेचा दाब चौरस मीटरला सुमारे १० टन. २१ इंची पडद्यावर हा भार टनाच्या वर जातो. सपाट काचेला तो पेलायला फार जाड व्हावं लागलं असतं, म्हणून तिला कमानीसारखा फुगवटा दिला. म्हणजे ‘प्रदर्शन पडद्यावरची वक्र काच’ एवढ्याच शब्दांत कुणी हक्क मागितला, तर परीक्षकाला दिवाणखान्यातल्या जुन्या टीव्हीकडे बोट दाखवून फाइल मिटता येईल.

मोबाइलमध्ये काच वाकली ती २०१० च्या अखेरीपासून. डिसेंबर २०१० मधल्या नेक्सस एस या फोनची काच किंचित आत झुकलेली होती. २०१३ साली सॅमसंगचा गॅलेक्सी राउंड आणि एलजीचा जी फ्लेक्स आले; त्यात पडदाही वाकलेला होता. २०१४ च्या गॅलेक्सी नोट एजमध्ये एक कड आणि २०१५ च्या एस-६ एजमध्ये दोन्ही कडा खाली वळल्या. मग हे लोण सगळीकडे पसरलं. पेटंट अर्जांचा पाऊस पडला तो याच काळात, कारण वाकवण्यात खरोखरच अडचणी होत्या.

त्या अडचणी समजल्याशिवाय परीक्षक काय तपासतो हे कळणार नाही, म्हणून थोडं काचेच्या पोटात शिरू.

फोनची काच ही खिडकीची काच नसते. ती ॲल्युमिनोसिलिकेट जातीची असते आणि तिला रासायनिक रीतीने कणखर केलेलं असतं. सुमारे ४०० अंश सेल्सियसला वितळवलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये, म्हणजे आपल्या जुन्या सोऱ्यात, ती काही तास बुडवून ठेवतात. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे आयन येऊन बसतात. पोटॅशियमचा आयन सोडियमच्या आयनापेक्षा आकाराने सुमारे तिसऱ्या हिश्श्याने मोठा. लोकलच्या बाकावरून एखादा किरकोळ प्रवासी उठला आणि त्याच जागेत दणकट माणूस बसला, की सगळा बाक जसा आवळला जातो, तसा काचेचा वरचा थर आवळला जातो. या थराची जाडी असते साधारण ४० मायक्रॉन, आणि त्यातला दाब ७००-८०० मेगापास्कलच्या घरात. काच फुटते ती ताणाने. दाबाने सहसा नाही. बारीक चरा पडला, तरी त्याला उघडायला आधी हा आवळलेला थर सैल करावा लागतो. कॉर्निंग कंपनीने १९६० च्या दशकात अशी कणखर काच तयार केली, पण तिला मोठं गिऱ्हाईक मिळालं नाही. २००७ साली आयफोन आला, आणि कपाटात पडलेलं हे ज्ञान गोरिला ग्लास या नावाने जगभर पोचलं.

आता ही काच वाकवायची आहे. दोन मार्ग आहेत. एक थंड, एक गरम.

थंड मार्गात सपाट, आधीच कणखर केलेली काच खोलीच्या तापमानाला वाकवून चौकटीवर चिकटवतात. ती तशीच ताणलेली राहते. वाकवल्याने बाहेरच्या पृष्ठभागावर किती ताण येतो याचा हिशेब सोपा आहे: काचेचा यंग मापांक गुणिले जाडी, भागिले वक्रतेच्या त्रिज्येची दुप्पट. काचेचा मापांक ७० गिगापास्कल धरा. ०.७ मिलिमीटर जाडीची काच २५० मिलिमीटर त्रिज्येत वाकवली, तर ताण येतो ९८ मेगापास्कल. आवळलेला थर हा सहज पचवतो. मोटारीच्या डॅशबोर्डवरच्या लांबलचक पडद्यांना हा मार्ग जमतो. पण फोनची कड ५ मिलिमीटर त्रिज्येत वळवायची असेल आणि काच अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर हाच हिशेब ३,५०० मेगापास्कल दाखवतो. काच कधीच तुटून गेलेली असेल. याच सूत्रात जाडी ३० मायक्रॉनपर्यंत खाली आणली, की चित्र पालटतं. घडी घालता येणाऱ्या फोनमध्ये २०२० पासून जी अतिपातळ काच आली तिचं गुपित तिच्या त्या पातळपणात आहे.

फोनच्या तीव्र वळणासाठी मग गरम मार्ग उरतो. काच ग्रॅफाइटच्या साच्यात ठेवून, मऊ होईपर्यंत तापवून दाबायची. इथे क्रम महत्त्वाचा. आधी वाकवायचं, नंतर सोऱ्यात बुडवायचं. उलट केलं, तर भट्टीच्या उष्णतेने आयन आत सरकतात आणि मेहनतीने आवळलेला थर ढिला पडतो. पण आधी वाकवलं तरी सुटका नाही. मोठे आयन आत शिरले की काच किंचित वाढते, आणि वळणाची काच सगळीकडे सारखी वाढत नाही. साच्यातून अचूक निघालेला तुकडा सोऱ्यातून बाहेर येतो तेव्हा अंशभर बिघडलेला असतो. मग साचाच सुरुवातीला जाणूनबुजून थोडा ‘चुकीचा’ बनवायचा, म्हणजे शेवटी माप बरोबर येतं. साच्याचे डाग काचेवर उमटतात, वळणावर जाडी कमी होते, कडेची अक्षरं हललेली दिसतात, बोटाचा स्पर्श नको तिथे लागतो. शोधाला जागा आहे ती या कटकटींमध्ये. वळण सगळ्यांना दिसतं. पेटंट मिळालंच तर ते या न दिसणाऱ्या दुरुस्त्यांना मिळतं, असं माझं वाचनावरून बनलेलं मत आहे.

अर्ज कार्यालयात पोचतो तेव्हा परीक्षकापुढे काचेचा तुकडा नसतो. असतात ते कागद, तेही आता संगणकाच्या पडद्यावर. त्यात वर्णन असतं, आकृत्या असतात आणि शेवटी क्लेम, म्हणजे दावे. अर्जाचा जीव या दाव्यांत. प्रत्येक दावा एकाच वाक्यात लिहायची रीत आहे. ते वाक्य कितीही लांबलं तरी पूर्णविराम एकच. मिळणारा हक्क त्या वाक्याएवढाच, त्याबाहेर एक मिलिमीटरही नाही. परीक्षक तपासतो ते हे वाक्य.

एक काल्पनिक दावा घेऊ. ‘प्रदर्शन उपकरणासाठी आवरण-काच, जिचा मधला भाग सपाट असून निदान एक कड ३ ते १० मिलिमीटर त्रिज्येने वळलेली आहे, जिची जाडी ०.३ ते ०.८ मिलिमीटर आहे आणि जिच्या पृष्ठभागावर निदान ४० मायक्रॉन खोलीचा दाबथर आहे.’ ऐकायला भारदस्त. परीक्षक याचे तुकडे पाडतो: सपाट मध्य, वळलेली कड, त्रिज्या, जाडी, थर. मग प्रत्येक तुकडा आधी कुठे छापून आला आहे का याचा शोध सुरू होतो. त्यासाठी जगभरच्या पेटंटांना विषयवार क्रमांक दिलेले आहेत. काचेचे तक्ते वाकवून आकार देण्याचा वर्ग आहे सी०३बी २३/०२३. आयन बदलून काच कणखर करण्याचा सी०३सी २१. फोनच्या बांधणीचा एच०४एम १/०२. ग्रंथालयात पुस्तकं लावायची पद्धत असते तशीच ही, फरक इतकाच की इथे एकाच काचेला रसायन आणि विद्युत अशा दोन दालनांत शोधावं लागतं. काचेच्या भट्टीचं वाङ्मय वाचणारा आणि फोनची बांधणी वाचणारा असे दोघे एकाच खुर्चीत बसवावे लागतात, आणि हे काम दिसतं त्याहून अवघड आहे.

पूर्वप्रसिद्ध ज्ञानाला या व्यवसायात सगळे ‘प्रायर आर्ट’च म्हणतात. त्याला भाषेची किंवा देशाची अट नाही. जपानी पेटंट चालतं, जर्मन प्रबंध चालतो. १९२८ पासून निघणाऱ्या ‘सृष्टिज्ञान’ मासिकातला मराठी लेखही, त्यात ती कृती खरोखर दिलेली असेल तर, तितकाच भारी. याचं आपल्याला ठाऊक असलेलं उदाहरण हळदीचं. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं. गिरगावात वाढलेले आणि माटुंग्याच्या यूडीसीटीत शिकलेले डॉ. रघुनाथ माशेलकर हे त्याला आव्हान दिलं गेलं तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते. आव्हानासाठी त्यांच्या संस्थेने ३२ संदर्भ काढले. त्यात संस्कृत ग्रंथ होते आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. तिथे भावनेचा काही उपयोग नव्हता. ‘आमची आजी हळद लावायची’ हे खरं असलं तरी पुरावा म्हणून छापील कागद लागला. भारताच्या कायद्यात आता तोंडी चालत आलेलं पारंपरिक ज्ञानही हरकतीचं कारण ठरतं, ही त्यानंतरची सुधारणा.

याची दुसरी बाजू आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना पुष्कळदा नडते. स्वतःचा लेख किंवा स्वतःचं प्रदर्शनही स्वतःच्याच अर्जाविरुद्ध पुरावा ठरतं. व्हीजेटीआयच्या टेक्नोव्हान्झासारख्या महोत्सवात यंत्र मांडलं, सगळ्यांना समजावून सांगितलं, बक्षीस घेतलं आणि मग सहा महिन्यांनी अर्ज केला, तर नावीन्य तिथेच संपलेलं असू शकतं. केंद्र सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध यांना कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये. आधी अर्ज, मग टाळ्या. एकट्या व्यक्तीला, नवउद्योगाला किंवा शिक्षणसंस्थेला ऑनलाइन अर्जाचं मूळ शुल्क १,६०० रुपये आहे. मोठ्या कंपनीला ८,०००. परीक्षणाचं शुल्क निराळं, अनुक्रमे ४,००० आणि २०,०००. हे परीक्षण आपोआप होत नाही. ते मागावं लागतं. मार्च २०२४ मध्ये नियम बदलल्यापासून ही मागणी अग्रता दिनांकापासून, म्हणजे सर्वात पहिल्या अर्जाच्या तारखेपासून, ३१ महिन्यांत करावी लागते. आधी ४८ महिने मिळायचे. मागणी केलीच नाही, तर अर्ज मागे घेतला असं धरतात.

आपल्या काल्पनिक काचेकडे परत येऊ. शोधात परीक्षकाला दोन कागद सापडले असं समजा. अहवालात त्यांना डी-१, डी-२ म्हणतात. डी-१ मध्ये वळलेल्या कडेची फोनची काच आहे, त्रिज्या ६ मिलिमीटर. पण दाबथराचा उल्लेख नाही. डी-२ मध्ये सपाट काचेवर ४५ मायक्रॉनचा दाबथर आहे. एकाच कागदात सगळं नाही, म्हणजे दावा नवा आहे. पण नवा असणं ही पहिलीच पायरी. पेटंट कायद्याच्या कलम २ मध्ये दुसरी अट आहे: ज्ञानात तांत्रिक भर पडली पाहिजे किंवा आर्थिक महत्त्व असलं पाहिजे, आणि त्या विषयातल्या जाणकाराला ते उघड सुचण्यासारखं नसावं.

हा ‘जाणकार’ मोठा गमतीदार प्राणी आहे. तो प्रत्यक्षात कुठेच नसतो. त्याने त्या विषयातलं छापलेलं सगळं वाचलेलं असतं, प्रयोगशाळेतली नेहमीची खटपट तो करू शकतो, पण प्रतिभा त्याला शून्य. शीवच्या पदपथावर किंवा धारावीच्या ९० फुटी रस्त्यावर मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला हा जाणकार समजू नये. त्या कारागिराला वक्र काच कशी फुटते, कोणत्या कोपऱ्यातून तडा निघतो, कॉम्बो, म्हणजे काच आणि पडद्याची जोडी, न बदलता नुसती वरची काच कशी सोडवायची, ओसीएचा, म्हणजे पारदर्शक गोंदाचा, थर कसा लावायचा हे हाताला माहीत असतं. वळलेल्या फोनवर साधी टेम्पर्ड ग्लास कडेला उचलली जाते, म्हणून पातळ गोंद ओतून यूव्ही दिव्याखाली ती पक्की करायची युक्ती त्याच्याच दुकानात पाहायला मिळते. पण कायद्याचा जाणकार काच बनवणाऱ्या कारखान्यातला अभियंता आहे, आणि त्याला भट्टीचे तक्ते पाठ आहेत.

या अभियंत्यापुढे डी-१ आणि डी-२ ठेवले तर तो म्हणेल, वळलेली काच लवकर फुटते, मग तिच्यावर कणखर थर दिला, यात काय विशेष? तिथे दावा पडतो.

हा विचार आपल्या कायद्यात कसा मुरला ते सांगणारा खटला काचेचा नव्हे, भांड्यांचा आहे. मिर्झापूरच्या हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या पेढीकडे भांडी लेथवर धरण्याच्या पद्धतीचं पेटंट होतं. जुन्या रीतीत भांडं लाखेसारख्या चिकट पदार्थाने लेथच्या डोक्याला चिकटवत आणि मग घासून पॉलिश करत; कधी कधी ते उडून जाई. नव्या पद्धतीत ते मागून दाब देणाऱ्या स्पिंडलने धरलं होतं. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम या पेढीशी त्यावरून वाद झाला, आणि १३ डिसेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने हे पेटंट टिकणार नाही असं ठरवलं. कारखान्यातली रोजची सुधारणा आणि शोध यांत अंतर आहे; आधीच माहीत असलेली साधनं एकत्र जोडली एवढ्याने भागत नाही, असा त्याचा आशय. हा निकाल मला पटतो, आणि थोडा खटकतोही. भांडं उडून लागलेल्या कारागिराला ती सुधारणा लहान वाटली नसेल. पण प्रत्येक लहान सुधारणेवर २० वर्षांची मक्तेदारी दिली, तर पुढचा कारागीर हात बांधून बसेल, हेही खरं.

कायद्याचं कलम ३ म्हणजे नकारांची यादी. नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या खटल्यामुळे, त्याचा निकाल १ एप्रिल २०१३ चा, त्यातला औषधांचा भाग लोकांच्या कानावर आहे. काचेसारख्या विषयात त्याच यादीतला दुसरा नकार आडवा येतो: ठाऊक असलेल्या वस्तूंची नुसती मांडामांड, जिथे प्रत्येक वस्तू आपापलं काम आधीसारखंच करते. काच काचेचं काम करते, खालचा सेन्सर सेन्सरचं, मध्ये गोंद. तिघांना एकत्र आणल्याने काही वेगळं घडतं का, हे अर्जदाराला दाखवावं लागतं.

हे सगळं परीक्षक फर्स्ट एक्झामिनेशन रिपोर्ट या अहवालात मांडतो. वकिलांच्या तोंडी तो ‘एफईआर’. त्यात शब्दांवरही बोट असतं. ‘बव्हंशी वक्र’ म्हणजे किती? ‘सुमारे ४० मायक्रॉन’ म्हणजे ३५ चालतील का? ज्या शब्दाची हद्द आखता येत नाही त्यावर हक्क देता येत नाही. आणखी एक हरकत नेहमी येते: भट्टीचं तापमान किती, साचा कशाचा, वेळ किती, हे वर्णनात दिलेलं आहे का? पेटंट हा सौदा आहे. सरकार मक्तेदारी देतं, त्याच्या बदल्यात कृती उघड करायची. सर्वोत्तम माहीत असलेली पद्धत सांगणं बंधनकारक आहे. गुपितही ठेवायचं आणि पेटंटही घ्यायचं, हे जमत नाही.

उत्तराला सहा महिने मिळतात, मागितले तर आणखी तीन. चांगलं उत्तर कसं असतं? आपला अर्जदार म्हणतो: वळणाच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला थर वेगवेगळ्या खोलीचा बसतो, त्यामुळे काच पिळवटते. आम्ही दोन बाजूंच्या खोलीतला फरक ठरावीक मर्यादेत ठेवणारी रीत शोधली, आणि तसं केल्यावर किती तुकडे मापात आले याचा तक्ता मूळ वर्णनात आहे. मग तो दावा आवळतो. त्रिज्या आणि जाडीच्या ऐसपैस मर्यादा जातात, खोलीच्या फरकाची अट येते. डी-१ ला ही अडचण ठाऊक नव्हती. डी-२ च्या सपाट काचेत ती उद्भवतच नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवूनही जाणकाराला हा मार्ग दिसला नसता. आता बोलणी होऊ शकतात. मात्र जे मूळ अर्जात नव्हतं ते दुरुस्तीत घुसडता येत नाही, आणि दावा रुंदावताही येत नाही. पहिल्या दिवशी वर्णन आळसाने लिहिलेलं असेल, तर पुढे कितीही हुशार वकील उभा केला तरी हात रिकामे राहतात. समाधान झालं नाही तर नियंत्रकापुढे सुनावणी होते, आता बहुधा व्हिडिओवर. नकार मिळाला तर दाद उच्च न्यायालयात. अपिलं ऐकणारं मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झालं. आणि अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कुणीही, अगदी तुम्हीआम्हीसुद्धा, हरकत नोंदवू शकतो. पेटंट दिल्यानंतरही एक वर्षभर हितसंबंधितांना ते दार उघडं असतं.

मुंबईत दाखल झालेला अर्ज तपासणारा माणूस मुंबईतच बसलेला असेल असंही नाही. दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि मुंबई या चारही कार्यालयांत विषयानुसार अर्जांचं वाटप संगणक करतो.

इथे एक गल्लत नेहमी होते. काच दिसायला सुंदर आहे, एवढंच म्हणणं असेल तर पेटंटाच्या दारात उभं राहू नये. त्यासाठी डिझाइन नोंदणी आहे, २००० सालच्या कायद्याखाली. ती आधी १० वर्षं आणि वाढवून आणखी ५ वर्षं टिकते. तिथे आकार नजरेला कसा दिसतो हे पाहतात. ज्या आकाराचं कारण निव्वळ यांत्रिक आहे त्याला तिथे थारा नाही. ॲपल आणि सॅमसंग यांच्यात २०११ पासून अमेरिकेत जी लढाई चालली तिच्यात फोनच्या गोलसर कोपऱ्यांचा जो मुद्दा गाजला तो या डिझाइनच्या बाजूचा होता. २०१२ मध्ये पंचांनी शंभर कोटी डॉलरहून जास्त भरपाई ठरवली आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एकाच वळणाला दोन दारं: डोळ्याला भावणारं एकीकडे, काच न फुटू देणारं दुसरीकडे. हुशार कंपन्या दोन्हीकडे अर्ज करतात.

मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षभरात भारतात एक लाखाहून जास्त पेटंटं दिली गेली. वेग वाढला हे चांगलंच. पण काचेसारख्या विषयात, जिथे शोध आणि शोभा यांच्यामधली रेघ ४० मायक्रॉनची आहे, तिथे परीक्षकाला वाचायला पुरेसा वेळ मिळतो का, हा प्रश्न मला आकड्यापेक्षा मोठा वाटतो. ढिला दावा मंजूर झाला, तर तो मोडायला कोर्टात जो खर्च येतो तो छोट्या कारखानदाराला परवडत नाही. घट्ट तपासणीचा खरा लाभार्थी तोच.

दरम्यान फॅशन फिरली. जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगच्या एस-२४ अल्ट्राचा पडदा पुन्हा सपाट झाला. पडताना वळलेली कड आधी आपटते, हातात धरताना चुकून स्पर्श लागतो, वर काच चिकटवायची पंचाईत, अशी गिऱ्हाइकांची कुरकुर होतीच. वक्र काचेची मागणी मोटारींकडे सरकली आहे. पेटंट मात्र अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचं, आणि ते जिवंत ठेवायला तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी पैसे भरावे लागतात: मोठ्या कंपनीला सुरुवातीला ४,००० रुपये, सातव्या वर्षापासून १२,०००, अकराव्यापासून २४,००० आणि शेवटच्या पाच वर्षांत ४०,०००. ज्या वळणाचा फोन आता बाजारातच नाही त्याच्यासाठी ही रक्कम कुणी किती काळ भरेल? शुल्क थकलं की पेटंट खंडित होतं. १८ महिन्यांच्या आत ते पुन्हा उभं करण्याची विनंती करता येते, तीही चुकून थकलं असेल तरच. त्यानंतर साच्याचं माप, भट्टीचं तापमान, सोऱ्यात बुडवण्याची वेळ, सगळं कुणालाही वापरायला मोकळं. कोणतं पेटंट चालू आहे आणि कोणतं खंडित, ते खात्याच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून घरबसल्या पाहता येतं. अहवाल, उत्तरं आणि निकालही तिथेच वाचायला मिळतात, आणि त्याला पैसे पडत नाहीत.